वहीत न लिहिलेला चेंडू

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतील एका माजी विद्यार्थिनीने, सध्या क्रीडाशिक्षिका असलेल्या वक्त्यांनी, केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



महिन्यापूर्वी संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुम्ही क्रीडाशिक्षिका आहात, तर 'खेळ आणि व्यक्तिमत्त्व विकास' यावर दहा मिनिटं बोला." मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला एकाच गोष्टीवर बोलू द्या. सॉफ्टबॉलमध्ये कॅचरच्या पुढ्यात मातीत पडणारा चेंडू कसा अडवायचा, यावर. फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग हळूच विचारलं, "एवढंच का?" मी म्हटलं, एवढंच. पण दहा मिनिटांत होणार नाही, वीस लागतील.

तर आज वीस मिनिटं सहन करा. समोर शाळेच्या सॉफ्टबॉल संघाच्या मुली बसल्या आहेत. खरं तर हे त्यांच्यासाठी आहे. आणि थोडं तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईसाठी आहे. तिचं नाव मी घेणार नाही. आमच्या बॅचला ते कळेलच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना आधी थोडं सांगते. क्रिकेटमध्ये जसा विकेटकीपर, तसा इथं कॅचर. फलंदाजाच्या मागं उकिडवं बसायचं, तोंडावर मास्क, छातीवर गार्ड, पायावर लेग गार्ड, हातात मोठा ग्लव्ह. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची. बेसबॉलमध्ये पिचर ते होम प्लेट १८.४४ मीटर. आणि मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये आज आंतरराष्ट्रीय अंतर आहे १३.११ मीटर. पिचर हात खालून फिरवून टाकते म्हणून तो चेंडू हळू येतो असं समजू नका. अंतरच इतकं कमी की डोळा मिटून उघडेपर्यंत चेंडू येऊन गेलेला असतो. आणि नाव 'सॉफ्ट' असलं तरी तो मऊ बिऊ काही नसतो. साधारण ३०.५ सेंटिमीटर घेराचा, १८० ते २०० ग्रॅम वजनाचा चेंडू. एकदा छातीवर घेऊन पाहा, मग नावातला सॉफ्टपणा कळतो.

आता विकेटकीपर आणि कॅचर यांच्यात मोठा फरक काय? क्रिकेटमध्ये चेंडू कीपरच्या मागं गेला तर बाय मिळतात, फार तर चार. इथं बेसवर धावणारे उभे असतात. चेंडू कॅचरच्या मागं गेला की ते सगळे पुढं सरकतात. तिसऱ्या बेसवरची मुलगी सरळ घरी येते आणि रन होतो. बॅट लागली नाही, कोणी फटका मारला नाही, तरी रन.

मग कोणी म्हणेल, पिचरने चेंडू मातीत टाकायचाच कशाला? तिला सांगा ना नीट टाक म्हणून. इथंच या खेळाची गंमत आहे. चांगली पिचर मुद्दाम खाली टाकते. 'ड्रॉप' नावाचा चेंडू असतो. येताना वाटतं मांडीच्या उंचीवर आहे, आणि प्लेटजवळ आला की खाली बसतो. फलंदाज वरून बॅट फिरवते, चेंडू खालून जातो. पण तो इतका खाली बसतो की बहुतेक वेळा मातीलाच लागतो. म्हणजे फलंदाजाला फसवणारा सगळ्यात चांगला चेंडू हाच कॅचरला सगळ्यात अवघड. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना पिचर ड्रॉप टाकायला धजते ती कोणाच्या भरवशावर? मागं बसलेल्या पोरीच्या. कॅचरला अडवता येत नसेल तर पिचर घाबरते, चेंडू वर ठेवते, आणि वरचा चेंडू फलंदाज मारते. तेव्हा लोक म्हणतात, आज पिचर चालली नाही. पिचर का चालली नाही, हे कोणी विचारत नाही.

आमचे पी.टी.चे सर आज आपल्यात नाहीत. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. सॉफ्टबॉल तिथूनच त्यांच्यासोबत आला. त्या वेळी शाळेत मुलींसाठी खेळ म्हणजे लंगडी, खो-खो आणि २६ जानेवारीचं लेझीम. सरांनी आठवी-नववीच्या चौदा-पंधरा जणी गोळा केल्या. आमच्यातल्या निम्म्या जणी रोवणीच्या दिवसांत शाळेतून घरी गेल्या की चिखलात उतरत. सर म्हणायचे, "चिखलात वाकता येतं ना, मग सॉफ्टबॉल येतो."

मला त्यांनी कॅचर केलं, कारण मी बुटकी होते आणि बडबडी होते. दोन्ही गुण कॅचरला लागतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चेंडूवर ग्लव्ह मारत होते. मातीत पडला की झडप घालायची. दहांतले चार सापडायचे, सहा मागं जायचे. सरांनी थांबवलं आणि शाळेच्या मागच्या बांधीकडे बोट दाखवलं. पाणी भरलेली बांधी होती, पऱ्हे नुकतेच रोवलेले. विचारलं, "हे पाणी इथं कोणी धरून ठेवलं?" मी म्हटलं, "धुऱ्यानं." "धुरा पाण्याच्या मागं धावतो का?" "नाही." "पाणी हातात पकडतो का?" "नाही." "मग करतो काय?" मी म्हटलं, "नुसता राहतो." सर म्हणाले, "बस. मातीतला चेंडू पकडायचा नाही. तुला धुरा व्हायचं आहे."

पोरींनो, ही पहिली गोष्ट लिहून घ्या. झेलणं वेगळं, अडवणं वेगळं. मातीत पडलेला चेंडू टप्पा घेऊन कुठं उडेल ते कोणालाच सांगता येत नाही. खडा लागला तर वर, ओली माती असेल तर घसरत, फिरकी असेल तर बाजूला. त्याला ग्लव्हमध्ये धरायला जाल तर ते नशिबाचं काम झालं. तो तुमच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर पडून राहिला पाहिजे, एवढंच तुमचं काम. चेंडू समोर आहे म्हणजे धावपटू हलत नाही.

आता कसं करायचं ते सांगते. आणि सांगून कळत नाही म्हणून संघाच्या आजच्या कॅचरला वर बोलावते. ये बाळा, लाजू नको. साडीत मला बसता येणार नाही, ती बसेल.

बघा. बेसवर कोणी नसेल तर तू आरामात खाली बस. पण धावपटू आला की पाय खांद्यापेक्षा रुंद, बूड थोडं वर, वजन पायाच्या पुढच्या भागावर. मोकळा हात ग्लव्हच्या मागं, अंगठा मुठीत आत. बाहेर राहिलेला अंगठा मोडतो, ते मी पाहिलं आहे. आणि मनात काय धरायचं? येणारा प्रत्येक चेंडू मातीतच पडणार आहे. वर आला तर उठून घेता येतो. खाली आला आणि तू तयार नसलीस, तर वेळ मिळत नाही.

चेंडू खाली येतो आहे असं दिसलं की आधी ग्लव्ह जमिनीवर. आधी ग्लव्ह, आणि त्याच्यासोबत गुडघे. ग्लव्ह दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, तोंड चेंडूकडे. ही जागा सगळ्यात वाईट. धुरा कितीही जाड असू द्या, खेकड्यानं एक बीळ केलं की रात्रीतून बांधी रिकामी होते. दोन पायांमधली फट म्हणजे तुमच्या धुऱ्यातलं खेकड्याचं बीळ. ग्लव्ह ते बीळ बुजवतो. तो चेंडू पकडायला तिथं नाही, भोक बुजवायला आहे.

गुडघे टेकताना मागं जाऊ नका. सगळ्या नवीन मुली मागं सरकतात, मीही सरकत होते. वाटतं की मागं गेलं तर जास्त वेळ मिळेल. होतं उलट. टप्प्यापासून जितकं लांब, तितका चेंडूला उडायला आणि वळायला वाव. टप्प्याच्या जवळ जाल तर तो उडायच्या आत तुमच्या अंगाला लागतो.

आता खांदे. खांदे पुढे गोल करा, छाती थोडी खाली झुकलेली. ताठ बसलात तर चेंडू छातीला लागून वर उडतो किंवा समोर लांब जातो. झुकलेल्या छातीला लागला की तो खाली, मातीत पडतो. कोपरं अंगाजवळ. आणि श्वास सोडून द्या. अंग कडक केलं की चेंडू भिंतीला लागल्यासारखा परत उडतो. सरांनी आमच्यासाठी पोत्यात तणस भरून ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. भिंतीवर चेंडू मारला की पार विहिरीपर्यंत जायचा. तणसाच्या पोत्यावर मारला की तिथंच खाली पडायचा. "भिंत होऊ नको, पोतं हो," असं ते म्हणायचे. शाळेतल्या कोणत्याच सरांनी मुलींना असं पोतं व्हायला सांगितलं नसेल.

हनुवटी छातीला लावा. याची दोन कारणं आहेत. एक, गळा झाकला जातो. दुसरं, हनुवटी खाली गेली की डोळे आपोआप चेंडूवर राहतात आणि मास्क चेंडूच्या समोर राहतो. मास्क समोरून येणाऱ्या चेंडूसाठीच बनवला आहे. मान फिरवली तर कान, जबडा, गळ्याची बाजू सगळं उघडं पडतं. म्हणजे भीतीनं तोंड फिरवणारी मुलगी स्वतःला जास्त धोक्यात घालते. ही गोष्ट डोक्याला पटते, मानेला पटत नाही. मानेला पटवायला सराव लागतो.

चेंडू बाजूला असेल तर हात लांब करू नका, अंग न्या. उजवीकडे असेल तर डाव्या पायानं जमीन ढकलायची, उजवा गुडघा आधी, आणि बाहेरचा खांदा आत वळवायचा, म्हणजे तुमची छाती होम प्लेटकडे तोंड करून राहील. शेतातला धुरा कोपऱ्यावर वळतो ना, तसा. मग चेंडू लागून प्लेटकडेच परत येतो. खांदा वळवला नाही तर तो सरळ बाजूच्या रेषेकडे जातो आणि तिसऱ्या बेसवरची निघते.

आणि शेवटचं. अडवलं म्हणजे काम झालं नाही. लगेच उठायचं, मास्क अडचण करत असेल तर काढून फेकायचा, चेंडू उचलायचा आणि धावपटूकडे पाहायचं. अडवून झाल्यावर "लागलं, लागलं" करत बसलात तर अडवण्याचा उपयोग नाही. रडायचं असेल तर इनिंग संपल्यावर रडा.

एक गोष्ट पुस्तकी शहाणपणाची. बेसवर कोणी नाही आणि तिसरा स्ट्राइक नाही, तर मातीतल्या चेंडूवर अंग टाकायची गरज नाही. जाऊ द्या. गुडघे तुमचेच आहेत आणि पुढं चाळीस वर्षं लागणार आहेत. बस बाळा, जा जागेवर. टाळ्या वाजवा तिच्यासाठी.

आता हे सगळं मला नववीत येत होतं. रोज संध्याकाळी सर आमच्याकडून एक सराव करून घ्यायचे. ग्लव्ह काढायचा, दोन्ही हात पाठीमागं धरायचे आणि गुडघ्यावर बसायचं. सर टेनिसचा चेंडू टप्पा देऊन अंगावर टाकायचे. हातच नाहीत, त्यामुळे झडप घालायचा प्रश्नच नाही. छातीनं, पोटानं, खांद्यानं अडवायचं. डोळे मिटले की सर तो चेंडू मोजायचे नाहीत. "डोळे मिटून अडवला तो अडवला नाही, लागला," असं म्हणायचे. वीस मोजून झाले की सुट्टी. मला सुरुवातीला वीससाठी सत्तर चेंडू लागायचे. नंतर बावीस-तेवीसमध्ये वीस व्हायला लागले.

१९९४ साली आम्ही तालुका जिंकून जिल्ह्याच्या स्पर्धेला भंडाऱ्याला गेलो. तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो झाला १ मे १९९९ ला. म्हणजे गोंदिया, आमगाव, देवरी, तिरोडा, सगळीकडचे संघ आमच्याच जिल्ह्यात. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. जिंकलो असतो तर नागपूरला विभागाला जायचं होतं. आमच्यातल्या कितीतरी जणींनी तोवर नागपूर पाहिलंही नव्हतं.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. पाच-पाच बरोबरी. बॅटिंग त्यांची. दोन आऊट, धावपटू तिसऱ्या बेसवर, फलंदाजावर दोन स्ट्राइक. एक स्ट्राइक अजून, आणि इनिंग संपते. मी दोन मांड्यांच्या मध्ये हात घालून पिचरला खूण केली. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर सुचवते. मी ड्रॉप मागितला. लक्षात ठेवा, मी मागितला.

आमच्या पिचरनं तो टाकला. तसा ड्रॉप मी पुन्हा कधी पाहिला नाही. मांडीवर आला आणि प्लेटजवळ खाली बसला. फलंदाजानं जीव खाऊन बॅट फिरवली आणि हुकली. तिसरा स्ट्राइक. पिचरनं तिला हरवलं होतं.

पण नियम असा की तिसरा स्ट्राइक कॅचरनं जमिनीला न लागता झेलला तरच फलंदाज तिथल्या तिथं आऊट. चेंडू मातीला लागला, आणि दोन आऊट असतील किंवा पहिला बेस रिकामा असेल, तर फलंदाज पहिल्या बेसकडे पळू शकते. मला काय करायचं होतं? चेंडू पुढ्यात पाडायचा, उचलायचा, पहिल्या बेसवर फेकायचा. तेवढंच. रोजचंच काम होतं.

मी मान फिरवली. डोळे मिटले, तोंड डावीकडं केलं आणि ग्लव्ह नुसता पुढं मारला. चेंडू दोन पायांमधून मागं गेला. खेकड्याच्या बिळातून. तिसऱ्या बेसवरची धावत आली, फलंदाज पहिल्या बेसवर पोचली, आणि आम्ही सहा-पाच हरलो.

मान का फिरली, तेही सांगते. आठवड्यापूर्वी सरावात छातीचा गार्ड खाली सरकला आणि चेंडू हासळीच्या हाडावर बसला होता. संघात गार्डचा एकच संच होता, मोठ्या मापाचा, मुलांचा. मला तो नीट बसतच नव्हता. हाड सुजलं होतं. मी घरी सांगितलं नाही, कारण घरचे खेळायला पाठवणार नाहीत. सरांना सांगितलं नाही, कारण सर खेळवणार नाहीत. हे कारण आहे, पण याला मी निमित्त करत नाही. भीती वाटणं ही चूक नव्हती. चूक पुढं झाली.

स्कोअरबुकात अशा वेळी दोनपैकी एक लिहितात. साधारण प्रयत्नानं धरता येण्यासारखा चेंडू कॅचरनं सोडला तर 'पास्ड बॉल', तो कॅचरच्या नावावर. चेंडू कॅचरपर्यंत यायच्या आधी जमिनीला लागला आणि निसटला तर 'वाइल्ड पिच', तो पिचरच्या नावावर. चेंडू मातीला लागला होता. स्कोअररनं नियमाप्रमाणं लिहिलं, वाइल्ड पिच. त्यात त्यांची काहीच चूक नाही. परतीच्या एसटीत सगळ्याजणी तिला म्हणत होत्या, "इतकं खाली कशाला टाकलंस?" सरांनी मला विचारलं, "ड्रॉप कोणी मागितला होता?" मी म्हटलं, "मी फास्ट मागितला होता."

इतकंच वाक्य. पण ते खोटं होतं. ती खिडकीशी बसली होती. तिनं ऐकलं. काही बोलली नाही. शाळेत तिचं नावच पडलं, 'वाइल्ड'. दुसऱ्या वर्षी ती मैदानावर आलीच नाही. आम्ही म्हणायचो, दहावीचं वर्ष आहे म्हणून आली नाही. मीही तेच म्हणायचे.

सरांना मात्र कळलं होतं, असं मला आज वाटतं. सोमवारी सरावाला त्यांनी इतरांना सोडलं आणि मला ठेवून घेतलं. हात पाठीमागं, गुडघ्यावर. वीस नाही, शंभर मोजले. एकदाही काही विचारलं नाही. मला वाट मोकळी करून दिली होती, मी त्या वाटेनं गेले नाही.

पुढं मी बी.पी.एड. केलं, नोकरीला लागले, संघ तयार केले. पोरींना शिकवता शिकवता या खेळाचं वाचायला लागले. अमेरिकेत १९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना फार गाजला. २५ ऑक्टोबर १९८६. बॉस्टनच्या संघानं १९१८ पासून ही स्पर्धा जिंकली नव्हती. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये ते दोन रननी पुढं होते. पुढं बॉस्टनच्या पहिल्या बेसवरच्या बिल बकनर नावाच्या खेळाडूच्या पायांमधून चेंडू गेला आणि सामना गेला. बकनरला लोकांनी कित्येक वर्षं माफ केलं नाही. पण त्याच फलंदाजासमोर, थोडा वेळ आधी, बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू आत, पायाजवळ शिरून कॅचर रिच गेडमनच्या पलीकडं गेला होता आणि तिसऱ्या बेसवरचा केविन मिशेल घरी आला होता. बरोबरी तिथं झाली, बकनरच्या आधीच. वहीत नोंद आहे वाइल्ड पिच, पिचरच्या नावावर. तो कॅचरनं अडवायला हवा होता का, यावर जाणकार अजून वाद घालतात. मी ते वाचलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूंच्या बाबतीतही वही अर्धंच सांगते.

वहीत आणखी एक गोष्ट नसते. सुटलेला चेंडू वहीत लिहितात. अडवलेला चेंडू लिहीत नाहीत. त्याला रकानाच नाही. कॅचरनं सामन्यात पंधरा चेंडू छातीवर घेतले, त्यातून चार रन वाचले, वही कोरी. अलीकडं अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये कॅमेऱ्यांवरून अडवलेल्या चेंडूंचीही गणती व्हायला लागली आहे. आपल्याकडं अजून नाही. म्हणून माझ्या शाळेत मी स्कोअरर मुलीला वहीच्या समासात एक उभी रेघ मारायला लावते. वर लिहायचं 'अडवले'. प्रत्येक चेंडूला एक काडी. सामना संपला की पिचरनं त्या काड्या मोजायच्या आणि कॅचरला सांगायच्या. आणि सुटलेल्या चेंडूवर कॅचरनं पिचरकडं जाऊन आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग स्कोअररनं काय लिहायचं ते लिहू द्यायचं. माझ्या संघाचा हा एकच कडक नियम आहे. तो कुठून आला, हे मी पोरींना कधी सांगितलं नव्हतं.

परवा मी गावात आले. काल संध्याकाळी तिच्या घरी गेले. सगळ्यांसमोर बोलायच्या आधी तिला विचारणं गरजेचं होतं. चहा झाला, तिच्या नातवंडाचं कौतुक झालं, मग मी सांगितलं. ड्रॉप मी मागितला होता. मान मी फिरवली होती. आणि एसटीत मी खोटं बोलले.

ती म्हणाली, "मला माहीत आहे ना. मी समोरच होती. तुझा मास्क तिकडं फिरला, मी पाहिला." मी म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?" म्हणाली, "वहीत माझं नाव होतं. कोण ऐकणार होतं?"

मला बोलता आलं नाही. मी विचारलं, "उद्या स्टेजवर सांगू?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आता सांगून का होते? ... पण सांग बापा. त्या पोट्ट्यांच्या कामी येईल."

म्हणून सांगितलं. १९९४ च्या तो चेंडू वाइल्ड नव्हता. तो आमच्या जिल्ह्यात मी पाहिलेला सगळ्यात चांगला ड्रॉप होता. हरवलं ते कॅचरनं. बॅचच्या मैत्रिणींनो, ज्या नावानं आपण तिला हाक मारत होतो, ते नाव आजपासून बंद.

आता शेवटची गोष्ट, ती माजी विद्यार्थ्यांसाठी. कॅचरचा मास्क पहिल्यांदा आला १८७७ मध्ये, अमेरिकेत हार्वर्डच्या फ्रेड थेयरनं बनवला. पायाचे गार्ड रॉजर ब्रेस्नाहान नावाच्या कॅचरनं १९०७ मध्ये उघडपणे बांधून मैदानावर आणले, ते क्रिकेटच्या पॅडसारखे होते. लोक त्याला हसले होते. आज त्याच्याशिवाय कोणी कॅचर बसत नाही. म्हणजे ज्याला भित्रेपणा म्हटलं, तेच पुढं नियम झालं.

मी आज सकाळी संघाचं साहित्य पाहिलं. गार्डचा संच एकच आहे. मोठ्या मापाचा आहे. आमच्या वेळचा नाही, पण आमच्या वेळेसारखाच आहे. आणि आता जी मुलगी वर येऊन बसली होती, तिच्या खांद्यावरून तो गार्ड घसरतो, मी पाहिलं. मला तिची हासळी सुजायला नको आहे, आणि तिची मान फिरायला नको आहे.

आपण स्नेहसंमेलनासाठी वर्गणी जमवली आहे, त्यातून काही शिल्लक राहणार आहे असं खजिनदारांनी सांगितलं. माझी विनंती आहे की त्यातून मुलींच्या मापाचे कॅचरचे दोन पूर्ण संच घ्यावेत. मास्क असा हवा की त्याला गळ्यासमोर लटकणारा गार्ड असेल. छातीचा गार्ड मुलींच्या बांध्याचा. लेग गार्ड, हेल्मेट, कॅचरचा ग्लव्ह. दोन संच यासाठी की सरावात दोघी बसू शकतील आणि एकीला लागलं तर दुसरी तयार असेल. कमी पडलं तर उरलेलं माझ्याकडून. वर कोणाच्या नावाची पाटी नको.

मुलींनो, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, आणि सोबत बेसबॉल अन् सॉफ्टबॉलही आहे. तेव्हा पिचरकडं सगळेच पाहतील. तुम्ही कॅचरकडं पाहा. चेंडू खाली बसला की ती काय करते ते पाहा. आधी ग्लव्ह, मग गुडघे, हनुवटी खाली, डोळे उघडे.

आणि लागलं तर घरी सांगा, सरांना सांगा. आणि सुटला तर पिचरला सांगा. त्याच दिवशी सांगा. तीस वर्षं लागू देऊ नका.